शालिकराव, तुम्ही आंजीला येणार होतात

शालिकराव, शुक्रवारी सकाळी मी शिडीवर होतो. आमच्या पुढच्या खोलीतली ट्यूबलाइट दोन महिन्यांपासून फडफडत होती आणि रविवारी तुम्ही जेवायला येणार म्हणून शोभानं मला आधीच कामाला लावलं होतं. फोन तिनंच घेतला. प्रज्ञाचा होता. शोभा येऊन शिडीला धरून उभी राहिली. मला वाटलं, शिडी हलू नये म्हणून धरली. मग ती म्हणाली, "खाली या. अल्लीपूरचे गेले."

कुठं गेले, असं मी विचारलं. खरंच विचारलं. मला वाटलं तुम्ही हिंगणघाटला गेलात, बाजाराला गेलात, फार तर आमचा रविवार चुकवायला कुण्या नातेवाईकाकडं निघून गेलात. शोभानं पुन्हा सांगितलं तेव्हाही मी स्क्रू घट्ट करत होतो. दोन फेरे उरले होते, ते पूर्ण केले आणि मग उतरलो. त्या दोन फेऱ्यांचं मला अजून नवल वाटतं.

आज नववा दिवस. तेरवीची पत्रिका काल आली. तुमचं वय, तुमची शेती, तुमच्या मागं कोण कोण उरलं, ते सगळं तिच्यात आहे. त्यात नसलेली एक गोष्ट मला तुमच्याशी बोलायची आहे. ती तुम्हाला ठाऊक आहे, पण पूर्ण ठाऊक नाही.

आपण व्याही. आपल्या भागात इवाई म्हणतात. सात वर्षं आपण इवाई होतो आणि त्यातला शेवटचा आठवडा सोडला तर आपण एकमेकांशी धड चार वाक्यं बोललो नाही. माझ्या प्रज्ञानं आणि तुमच्या निखिलनं नागपुरात एका ऑफिसात काम करता करता लग्न ठरवलं, तेव्हा मी, शोभा आणि माझा भाऊ रीतसर तुमच्या घरी आलो होतो. मी भूमी अभिलेख खात्यात भूमापक. उभी नोकरी लोकांचे बांध मोजण्यात गेली. कोणत्या गावात कोणत्या उंबऱ्यापर्यंत जायचं, हे मला न सांगता कळायचं. तरी त्या दिवशी नवे कपडे घालून आलो होतो, कारण त्या दिवशी मी सरकारी माणूस नव्हतो, मुलीचा बाप होतो.

तुमच्या घरातून आधी स्टीलच्या कपांचा आवाज आला. मग तो थांबला. तुमचा पुतण्या मागच्या दारानं गेला आणि थोड्या वेळानं आमच्या तिघांसाठी चहा आला तो प्लास्टिकच्या कपांत. तुमचा, तुमच्या भावाचा आणि गावातल्या दोघांचा स्टीलच्या कपात. शोभानं चहा घेतला आणि रिकामा कप खुर्चीखाली ठेवला. माझ्या भावानंही घेतला. मी घेतला नाही. माझा कप तसाच निवत राहिला, त्यावर साय धरली. तुम्ही पाहिलंत. तुम्ही म्हणालात, माणसं तुम्ही चांगली हायेत, पन आमच्यात हे चालत नाई. आम्ही उठलो.

पोरांनी नोंदणी करून लग्न केलं. तुम्ही आला नाहीत. पुढं रुची झाली, नात पाहायला तुम्ही नागपूरला जाऊ लागलात, आणि तिच्या वाढदिवसाला आपली वर्षातून एकदा गाठ पडू लागली. पहिल्या वर्षी तुम्ही रामराम म्हणालात, मी जयभीम म्हणालो, आणि दोघंही आपापल्या खुर्चीवर जाऊन बसलो. तिसऱ्या वर्षापासून नमस्कारावर तडजोड झाली. मी पुन्हा अल्लीपूरला पाय ठेवला नाही. तुम्ही आंजीला कधी आलाच नाहीत. रुची मात्र आपल्या दोघांनाही आबा म्हणायची, आणि कोणते आबा हे कळावं म्हणून गावाचं नाव लावायची.

चिखलदऱ्याचा बेत बायकांचा होता, हे मला नंतर कळलं. निखिलनं मला सांगितलं की अल्लीपूरचे बाबा येणार नाहीत. तुम्हाला सांगितलं की आंजीचे बाबा येणार नाहीत. त्या शुक्रवारच्या आधीच्या शनिवारी सकाळी तुम्हाला आणि कमल विहीणबाईंना घेऊन गाडी आमच्या दारात आली, तेव्हा तुम्ही पुढच्या सीटवर मफलर गुंडाळून बसला होतात. मला पाहून तुम्ही खिडकीची काच वर केली. मग बहुधा वाटलं असेल की हे बरं दिसत नाही, म्हणून ती पुन्हा खाली केलीत.

मी मागं बॅगांजवळ बसलो. आर्वी येईपर्यंत कुणी बोललं नाही, रुचीशिवाय. अमरावतीला चहाला थांबलो तर तुम्ही पुन्हा पुढं बसेनात. म्हणालात, आता इवायांना बसू द्या म्होरं. मी म्हणालो, मला मागंच बरं वाटतं. तुम्ही सरळ मागं येऊन माझ्या शेजारी बसलात. मी उठून पुढं जावं म्हणून बसलात हे मला कळलं, आणि कळलं म्हणूनच मी उठलो नाही. परतवाड्यापर्यंत आपण दोघं बुढे गुडघ्याला गुडघा लावून बॅगांमध्ये बसलो होतो आणि पुढची सीट रिकामी होती. शोभा आणि विहीणबाई खिडकीकडं तोंड करून हसत होत्या. शेवटी रुची म्हणाली, मी बसते, आणि तिला कुणी बसू दिलं नाही म्हणून ती घाट लागेपर्यंत रुसली.

वर पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. ऊन होतं पण थंडी अंगाला झोंबत होती. लहानसं गाव. एक मोठा रस्ता, मक्याची कणसं भाजणाऱ्या हातगाड्या, मधाच्या बाटल्या, हॉटेलांच्या पाट्या आणि कुणाच्या हातात काही दिसलं की धावून येणारी माकडं. पोरं आणि बायका दरी बघायला निघाल्या. तिथं बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात असं कुणी तरी म्हणालं. तुम्ही म्हणालात, मी बसतो इथंच. मीही तेच म्हणालो, त्याच दमात. प्रज्ञानं आपल्या दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि ती गेली.

एका कोरकू बाईच्या टपरीवर आपण बसलो. पहिली दहा मिनिटं आपण माकडांबद्दल बोललो. मग तुम्ही त्या बाईला विचारलंत, इथं कॉफी होते म्हणतात, ते खरं का? तिनं सांगितलं, समोरचा चढ चढून गेलं की जुन्या बंगल्यामागं झाडं आहेत. तुम्ही उठलात. कापसाच्या मानसानं कॉफी पाह्यली पाह्यजे, असं म्हणालात. आणि मग, माझ्याकडं न पाहता, चला. सात वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदा चला म्हणालात, शालिकराव. मी चहा अर्धा टाकून उठलो.

चढ फार नव्हता. तुम्ही मला सांगत होतात की माणूस झाडाच्या पानावरून त्याच्या मुळाचा अंदाज करू शकतो, आणि पान या शब्दावर तुमचं बोलणं तुटलं. मी चार पावलं पुढं गेलो होतो. वळून पाहिलं तर तुम्ही रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर बसला होतात. एक हात मफलरच्या आत, छातीवर. तोंड राखेसारखं. त्या थंडीत तुमच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"गॅस हाये," तुम्ही म्हणालात.

मी विचारलं, हात दुखतो का? तुम्ही डाव्या हाताची मूठ उघडझाप करत होतात. मी म्हणालो, गॅस हातात जात नाही. आणि खिशातून फोन काढला.

तुम्ही माझं मनगट धरलंत. आजारी माणसाची पकड नव्हती ती. पंप, इंजिनं खोलणाऱ्या हाताची होती.

"निखिलले सांगू नोका. तो आत्ताच गाडी फिरवन. पोरगी सकायपासून नाचून राह्यली."

मग दवाखान्यात चला, मी म्हणालो. तुम्ही मान हलवलीत. उतरून राह्यलं, थांबा जरा, म्हणालात. मी टपरीवर पाणी आणायला पळत गेलो. त्या बाईनं माझं तोंड पाहून विचारलं, काय झालं? मी सांगितलं. ती म्हणाली, सरकारी दवाखाना इथंच आहे, त्या वळणापलीकडं, चालत पाच मिनिटं, मी सोबत येते. तिनं लोटा भरून दिला आणि चुलीवरचं दूधही उतरवून ठेवलं, यायच्या तयारीनं. मी तिला थांबा म्हटलं. विचारून येतो म्हटलं.

तुम्हाला विचारलं तर तुमच्या तोंडावर रंग परतला होता. तुम्ही घाम पुसला होता. पाहा, गेलं, असं म्हणालात. आणि पुन्हा तेच, कोणाले सांगायचं नाई. शपथ घ्या. मी म्हणालो, मी शपथ मानत नाही. तुम्ही म्हणालात, मंग शब्द द्या.

मी शब्द दिला. तुम्ही माझ्याकडं काहीतरी मागितलं होतं. ज्यांनी मला आपल्या घरचा कप दिला नव्हता, ते मला घरच्यांपासून लपवलेली गोष्ट देत होते. मला बरं वाटलं, शालिकराव. लाज वाटते लिहिताना, पण त्या क्षणी माझ्या छातीत आनंदासारखं काहीतरी झालं.

आपण बसून राहिलो. तुम्ही लोट्यानं पाणी प्यालात आणि उरलेलं माझ्यापुढं केलंत. मी प्यालो. आणि ज्या माणसाला पंधरा मिनिटांपूर्वी घाम फुटला होता, त्याला मी विचारलं, "त्या दिवशी कप कोनं बदलवले?"

तुम्ही कोणता दिवस असं विचारलं नाहीत.

"म्या," तुम्ही म्हणालात. "कमलनं स्टीलचे काढले होते. म्या इशारा केला."

"काऊन?"

"भाऊ बसला होता. गावातले दोघं होते. त्याहिच्यासमोर..." तुम्ही मान हलवलीत. "नाई. त्याहिचं नाव कायले घेऊ. मलेच तसं वाटत होतं."

अशा उत्तराची मी तयारी केली नव्हती. सात वर्षं मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडत होतो, आणि त्या भांडणात तुम्ही नेहमी सबबी सांगायचात, मी त्या खोडून काढायचो. तुम्ही सबब सांगितलीच नाही. मी विचारलं, आता? तुम्ही म्हणालात, आता नाई वाटत. मी म्हणालो, मग तसं म्हणा. चुकलं म्हणा.

"म्हनन," तुम्ही म्हणालात. "पन इथं नाई. त्या दिवशी शोभाताई होत्या, तुमचा भाऊ होता. चारचौघात केलेलं काम असं रस्त्यावर दोघात नाई मिटत. मी तुमच्या घरी येतो. जेवतो. त्या सगळ्याईसमोर म्हनतो."

कधी, मी विचारलं. लगेच विचारलं, तुमचा विचार बदलण्याआधी. येत्या रविवारी, तुम्ही म्हणालात.

मग आपण उरलेला चढ चढलो. चढायला नको होतं, पण तुम्ही ऐकलं नाहीत, आणि मीही दुसऱ्यांदा म्हटलं नाही. कॉफीची झाडं मोठ्या झाडांच्या सावलीत होती, माणसाहून थोडी उंच, लाल फळांनी भरलेली. तुम्ही एक फळ तोडून दातात धरलंत आणि तुमचे डोळे लहान मुलासारखे झाले. गोड लागते, म्हणालात. तुम्ही चार बिया खिशात टाकल्यात, अल्लीपूरला लावतो म्हणालात. मी म्हणालो, आपल्याकडच्या उन्हात तिसऱ्या दिवशी जळतील. तुम्ही म्हणालात, आंब्याखाली लावीन. मी म्हणालो, तरी जळतील. हा वाद उतरताना चालला, संध्याकाळी जेवताना चालला, आणि दुसऱ्या दिवशी परतताना अमरावतीपर्यंत चालला. बायका चकित झाल्या होत्या. प्रज्ञानं हळूच मला विचारलं, काय झालं तिथं तुमचं? मी म्हणालो, काही नाही, कॉफी पाहिली.

रविवारी दुपारी तुम्ही आम्हाला आंजीला सोडलंत. शोभानं तुम्हाला आत बोलावलं. तुम्ही गाडीतूनच हात जोडलेत. आज नाई, पुढच्या रविवारी बराबर येतो, म्हणालात. निखिल डिकीतून आमची बॅग काढत होता. माझ्यापासून दोन हातांवर. तुम्ही गाडीच्या आत होता, तोवर काच वर गेली होती, तुम्हाला ऐकू आलं नसतं. मी तोंड उघडलं आणि त्याला विचारलं, गाडीनं ॲव्हरेज किती दिलं?

ही झाली पहिली संधी. दुसरी मंगळवारी आली. मी तुम्हाला फोन केला. कसं वाटतं? एक नंबर, तुम्ही म्हणालात. पुन्हा दुखलं का? थोडंसं, काल, मोटरसायकलला किक मारताना. मी म्हणालो, वर्ध्याला या, मी नेतो डॉक्टरकडं. तुम्ही म्हणालात, रविवार होऊ द्या, सोमवारी जाऊ.

मी बरं म्हणालो.

शालिकराव, हीच ती गोष्ट. तुम्हाला वाटत असेल मी शब्द पाळला. घरच्यांना मी तसंच सांगितलं. पण खरं असं आहे की मला तो रविवार हवा होता. मी निखिलला सांगितलं असतं तर त्यानं तुम्हाला त्याच दिवशी नागपूरला नेलं असतं. तपासण्या झाल्या असत्या, कदाचित खाट धरावी लागली असती, आणि तुम्ही माझ्यावर चिडला असता. मग आंजीला यायचं पुढं गेलं असतं, कदाचित राहूनच गेलं असतं. मी पाहिलं होतं, शोभा कोणत्या भाज्या करायच्या याची यादी करत होती. भावाला मी बोलावलं होतं. कशासाठी ते सांगितलं नव्हतं, फक्त ये म्हटलं होतं. सात वर्षं थांबलो होतो. आणखी पाच दिवसांत काय होतं, असं मला वाटलं.

शुक्रवारी तुमच्या अंगणात माणसं मावत नव्हती. तुम्ही सकाळी कुणाचा तरी फवारणीचा पंप खोलून बसला होतात, हातातला पाना खाली पडला, आणि हिंगणघाटच्या अर्ध्या वाटेवर सगळं संपलं, असं जो तो सांगत होता. पंप अजून तिथंच होता, सुटा, पोत्यावर मांडलेला. तुम्ही पांढऱ्या कापडात होता. मी तुमच्या पायाशी उभा राहिलो आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती की परवा तर आपण कॉफीच्या बियांवरून भांडलो, आणि तो वाद अजून माझ्याकडून एका मुद्द्यावर अडला आहे.

सगळे म्हणत होते, काहीच नव्हतं हो. कधी डोकं दुखलं नाही त्यांचं. निखिल येईल त्याला तेच सांगत होता. काहीच लक्षण नव्हतं, मागच्या आठवड्यात तर चिखलदऱ्याला चढ चढून आले, आंजीचे बाबा होते ना सोबत. असं म्हणून तो माझ्याकडं पाहायचा. आणि मी मान हलवायचो. तीनदा हलवली. मी मोजली आहे.

तिरडी उचलताना तुमच्या भावानं खांदेकऱ्यांची नावं घेतली. माझं नाव नव्हतं, असायचं कारण नव्हतं. चौकात खांदे बदलताना निखिल वळला आणि गर्दीत मला शोधून म्हणाला, "बाबा, या." गावातली माणसं थोडी बाजूला झाली. तुमचा भाऊ पुढं पाहत राहिला, पण त्यानं मला जागा करून दिली. नदीकडं वळेपर्यंत तुम्ही माझ्या खांद्यावर होता. तुमचं वजन इतकं असेल असं मला वाटलं नव्हतं. हा मान मला निखिलनं दिला. तो देताना त्याला काहीच माहीत नव्हतं.

मी शोभाला रविवारी सांगितलं. तिनं यादीतली एकही भाजी केली नाही. खिचडी टाकली होती आणि ती आम्ही दोघांनी खाल्ली नाही. तिनं सगळं ऐकलं. म्हणाली, "आताच जाऊन सांगा. तेरवी झाली की तुम्ही सांगणार नाही. मी ओळखते तुम्हाला."

बुधवारी मी वर्ध्याला बस बदलून अल्लीपूरला आलो. विहीणबाई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. निखिल पत्रिकेचा मजकूर पाहत होता. मी उभ्यानंच सांगितलं. चढ, कठडा, घाम, डावा हात. टपरीवरची बाई सोबत यायला निघाली होती, तेही सांगितलं. मंगळवारचा फोनही. मी शब्द दिला होता, असं म्हणालो. रविवारबद्दल मात्र बोललो नाही. तेवढं धैर्य मला झालं नाही, म्हणून ते इथं लिहिलं.

निखिलनं कागद खाली ठेवला. "एक फोन, बाबा," तो म्हणाला. "एक फोन करायचा होता." आणि तो बाहेर गेला.

विहीणबाई रडल्या नाहीत. माझ्यावर रागावल्याही नाहीत. मग त्यांनी विचारलं, त्यायनं तुमचा कोन्ता हात धरला होता? मी उजवं मनगट पुढं केलं. त्यांनी हात लावला नाही. नुसतं पाहिलं. मग त्या मला विचारू लागल्या की तुम्ही पाणी किती प्यालात, मफलर गळ्यात होता की डोक्याला, कॉफीचं फळ खाताना काय म्हणालात. मी सगळं सांगितलं. काही गोष्टी त्यांनी दोनदा विचारल्या, मी दोनदा सांगितल्या. त्यांना तुमची ती अर्धी दुपार माहीत नव्हती, आणि ती आता फक्त माझ्याकडं होती.

कपांचंही सांगितलं. तुम्ही आमच्या घरी चारचौघांत म्हणणार होतात तेही. त्या म्हणाल्या, त्या दिवशी रात्री म्या त्यायले बोलली होती. सात वर्षं हा विषय काढू देला नाई मले. मग त्या उठल्या आणि सुनेला हाक मारून म्हणाल्या, तुझ्या बाबाले जेवू घाल. प्रज्ञानं ताट वाढलं. तुमची खुंटीवरची टोपी समोर होती. तुम्ही तिथून उठून येऊन म्हणाल, आंब्याखाली जळत नाई हो, असं मला सारखं वाटत होतं. मी थोडं खाल्लं. निखिल मी निघेपर्यंत आत आला नाही.

तुम्ही माझी माफी मागणार होतात. आता ती मागायची पाळी माझ्यावर आली आहे आणि मला तर जायला कुठला रविवार, कुठलं घरही उरलं नाही. तुमच्यावर रागही येतो. कसली चारचौघांची हौस, शालिकराव? कठड्यावर दोन शब्द म्हणून टाकले असते तर मी त्याच मिनिटाला फोन लावला असता. तुम्ही तुमचा मान राखलात, मी माझा राखायला बसलो, आणि दोघांच्या मध्ये सहा दिवस गेले. पण खरं सांगायचं तर दुसऱ्या कुणी सरळ, म्या केलं, असं मला कधी म्हटलेलं नाही. नोकरीत नाही, गावात नाही. लोक चूक कबूल करतात ती भावावर टाकून, रीतीवर टाकून. तुम्ही टाकली होती, आणि परत उचलून घेतलीत. त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे, आणि हेही तुम्हाला सांगायचं राहिलं.

काल सकाळी आमच्या दारात गाडी थांबली. निखिल एकटाच होता. आत आला, शोभाच्या पाया पडला, मला म्हणाला, शर्ट घाला, वर्ध्याला जायचं आहे. कशाला, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. वाटेत त्यानं रेडिओही लावला नाही. दवाखान्यात त्यानं माझं नाव नोंदवलं, माझं वय त्याला बरोबर माहीत होतं. आत नेलं. मला शर्ट, बनियान काढायला लावलं आणि कपडे हातावर घेऊन तो भिंतीशी उभा राहिला. छातीवर थंडगार काहीतरी लावलं, वायरी लावल्या, कागद निघाला. डॉक्टर तरुण मुलगी होती. कागद पाहता पाहता तिनं विचारलं, "काका, छातीत कधी दुखतं का? चालताना, जिना चढताना?"

हा प्रश्न मला आयुष्यात पुष्कळदा विचारला गेला आहे आणि 'नाही' हे माझं उत्तर ठरलेलं आहे. मी निखिलकडं पाहिलं. त्याच्या डोक्यावर केस नव्हते, डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि माझं बनियान त्यानं नीट घडी करून धरलं होतं.

"हो," मी म्हणालो. "दिवाळीपासून."

डॉक्टरनं मान वर केली. निखिल पुढं आला.

"कोणाला सांगितलं?" त्यानं विचारलं. दोन दिवसांच्या आत माझ्यासमोर उभं राहून त्याला हे दुसऱ्यांदा ऐकावं लागत होतं.

कोणालाच नाही, मी म्हणालो. त्यानं कपडे खुर्चीवर ठेवले, स्वतःच्या खिशातून फोन काढला, शोभाचा नंबर लावला आणि घंटी वाजत असतानाच तो फोन माझ्या कानाशी धरून उभा राहिला.